उताऱ्यावर न लिहिलेला बोजा

आपल्या धर्मग्रामातील एखाद्या कुटुंबाने घर विकत घेतले म्हणजे त्यामागे कितीतरी वर्षांची काटकसर उभी असते. शिक्षक, परिचारिका, साखर कारखान्यातील कामगार, निवृत्त सैनिक अशी आपली बहुतेक माणसे. भविष्यनिर्वाह निधीतून काही रक्कम काढायची, घरातले चार दागिने मोडायचे, उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज घ्यायचे आणि श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर किंवा नगरच्या एखाद्या उपनगरात दोन-तीन खोल्यांना आपले घर म्हणायचे. मग खरेदीखत होते, मुद्रांक शुल्क भरले जाते, उताऱ्यावर बँकेचा बोजा चढतो आणि एखाद्या रविवारी मिस्सानंतर धर्मगुरूला घराच्या आशीर्वादासाठी बोलावणे येते. या साऱ्या धावपळीत एक कागद असा असतो, की ज्याकडे कोणी धड पाहत नाही. तो म्हणजे घराच्या विम्याचा कागद. कोणी त्यावर न वाचताच सही करून मोकळा होतो, तर कोणी 'नको ते' म्हणून तो बाजूला सारतो.

बाजूला सारणाऱ्यांची कारणे आम्ही पुष्कळदा ऐकली आहेत. एक म्हणतो, "फादर, राखणारा देव आहे ना?" दुसरा म्हणतो, "वास्तू तथास्तु म्हणते. नव्या घरात आगीचे नि भूकंपाचे नाव कशाला काढायचे?" तिसरा हिशेबी असतो. त्याच्या मते काहीच घडले नाही तर हप्त्याचे पैसे पाण्यात गेले. ही तीन उत्तरे वरवर साधी आहेत. परंतु त्यांच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे. उद्याच्या संकटाची आज तरतूद करणे हा अविश्वास आहे, व्यवहार आहे, की कर्तव्य आहे?

पहिल्या उत्तराचा विचार आधी करू. शेतातल्या फुलांकडे व आकाशातल्या पाखरांकडे बोट दाखवून प्रभू येशूने चिंता करू नका असे शिकविले, हे खरे. पण त्याच प्रभूने बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचाही दाखला दिला आहे. तो माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, आणि जो करीत नाही त्याचे हसे होते. कोठारे मोडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंताला प्रभूने मूर्ख ठरविले, ते त्याने धान्य साठविले म्हणून नव्हे, तर ते केवळ स्वतःसाठी साठविले म्हणून. मिसर देशात योसेफानेही धान्य साठविले होते. सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा बाजूला काढून त्याने दुष्काळाच्या सात वर्षांत लोकांना जगविले. तोच साठा तेथे पुण्य ठरला.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी दूरदृष्टीला विवेक या सद्गुणाचा एक भाग मानले. आपल्या हाती असलेला उपाय कारण नसता सोडून द्यायचा आणि देव कसा सोडवितो ते पाहत बसायचे, याला त्यांनी देवाची परीक्षा पाहणे म्हटले आहे. देवावर विश्वास ठेवणारा शेतकरी बांध घालायचे थांबवीत नाही. आई आजारी मुलासाठी प्रार्थना करते आणि डॉक्टरकडेही जाते. मग घराच्या बाबतीतच श्रद्धेने हात बांधून का बसावे? आणि संकटाचे नाव घेतल्याने संकट येते हे मानणे म्हणजे शब्दाला देवापेक्षा मोठे करणे होय.

विम्याविषयीची शंका काही आजची नाही. हा जुगार तर नव्हे, किंवा व्याजाचा छुपा प्रकार तर नव्हे, असा प्रश्न युरोपात समुद्रावरील व्यापाराच्या काळापासून विचारला गेला. पेद्रो दे सांतारेम या पोर्तुगीज कायदेपंडिताचा विम्यावरील ग्रंथ १५५२ साली व्हेनिस येथे छापला गेला, आणि त्यात त्याने याच शंकेचा ऊहापोह केला. धोका स्वतःवर घेणे हीदेखील एक सेवा आहे व तिचा मोबदला घेणे म्हणजे व्याज नव्हे, असा विचार पुढे नीतिशास्त्रात रुजला. जुगारी नसलेला धोका निर्माण करतो, तर विमा असलेल्या धोक्याची वाटणी करतो. म्हणूनच शेजाऱ्याच्या घराचा विमा आपल्या नावे काढता येत नाही. ज्याच्या नुकसानीने आपले नुकसान होते त्याचाच विमा निघतो, आणि भरपाईही झालेल्या नुकसानीपुरतीच असते. जळाल्यामुळे कोणी श्रीमंत होऊ नये, हा त्यातला नियम आहे.

शंका दूर झाल्या तरी 'कर्तव्य' हा शब्द अद्याप सिद्ध झालेला नाही. तो सिद्ध होतो तो एका साध्या प्रश्नाने. घर पडले तर भार कोणावर पडतो?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते; माणसे दमून झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. तशीच माळवदाची, धाब्याची घरे आपल्या जिल्ह्याच्या खेड्यांतही पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली आहेत. किल्लारीच्या त्या घरांना विम्याचा आधार जवळजवळ नव्हताच. शासन, जागतिक बँक आणि देशोदेशींच्या संस्था धावून आल्या आणि ५२ गावे नव्या जागी वसविली गेली.

परंतु मोठ्या संकटाला जग धावून येते, लहान संकटाला येत नाही. विजेच्या तारेतील दोषाने एकच घर पेटते, गॅसच्या स्फोटात एकच भिंत उडते, ओढ्याच्या पुराने एकाच गल्लीतली चार घरे खचतात. त्याची बातमी आतल्या पानावर येते आणि तिसऱ्या दिवशी विसरली जाते. त्या घरासाठी कोणतीही जागतिक बँक नसते. तेथे धावून येतो तो सख्खा भाऊ, मेहुणा, शेजारी आणि धर्मग्राम.

आता थोडा हिशेब करू. समजा, एका कुटुंबाने २० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे १८ हजार रुपये बसतो. पाच वर्षांत ते कुटुंब १० लाख ८० हजार रुपये भरते. तरीही आरंभीच्या हप्त्यांत व्याजाचाच वाटा मोठा असल्यामुळे सुमारे १७ लाख ७५ हजार रुपये देणे उरते. त्या वेळी घर जळाले, तर घर जाते, कर्ज जात नाही. बँकेचा हप्ता चालूच राहतो आणि डोक्यावर छप्पर नसल्याने भाडेही सुरू होते.

हे कोण भरणार? भाऊ आपल्या भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतो. बहिणीचे लग्न पुढे ढकलले जाते. मुलगी परिचारिकेचा अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडते. उताऱ्यावर बँकेचा बोजा लिहिलेला असतो, तो सर्वांना दिसतो. भावाच्या, बहिणीच्या व मुलीच्या नावावरचा हा बोजा मात्र कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेला नसतो. ऐपत असूनही जो विमा नाकारतो, त्याने धोका नाहीसा केलेला नसतो. त्याने आपल्या आप्तांना, त्यांना न विचारता आणि एक पैचाही हप्ता न देता, आपली विमा कंपनी करून टाकलेले असते. याला देवावरचा भरवसा म्हणता येईल काय? आमच्या मते हा भावावर टाकलेला भरवसा आहे, देवाचे केवळ नाव आहे.

कोणी म्हणेल, भावाने भावाचे ओझे उचलू नये काय? अवश्य उचलावे. पण अंगावर येऊन पडलेले ओझे वेगळे आणि आपल्या आळसाने दुसऱ्याच्या पाठीवर ठेवलेले ओझे वेगळे. पहिले उचलण्यात प्रेम आहे. दुसरे ठेवण्यात अन्याय आहे.

आपल्या ग्रामीण जीवनाला विम्याचे मर्म परके नाही. आमच्या जिल्ह्यातला शेतकरी सावड जाणतो: आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. इर्जिकीला सारा गाव बैल घेऊन येतो आणि एकट्याला महिनाभर न उरकणारे काम एका दिवसात होते. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास जो सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो लहान लहान शेतकऱ्यांच्या भागभांडवलातूनच. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात कामगारांच्या परस्पर साहाय्य संस्थांचा गौरवाने उल्लेख केला, तो याच कारणास्तव. विमा म्हणजे अनोळखी माणसांची सावड होय. वर्षअखेर आपले घर शाबूत राहिले तर हप्ता पाण्यात गेला असे समजू नये. तो कोणाच्या तरी जळालेल्या छपरावर पत्रा होऊन बसला. हिशेबी मित्राला आमचे हेच उत्तर आहे.

सावड म्हटली की खरेपणा आला. विम्याच्या करारात दोन्ही पक्षांनी पराकोटीचा सद्भाव पाळावा, असे कायदाच मानतो. घरात दुकान किंवा फटाक्यांचा साठा असताना केवळ राहते घर म्हणून लिहून देणे, जुनी भेग नव्या पावसाच्या नावावर खपविणे, जळालेल्या एका कपाटाची दोन दाखविणे, हे सारे "कंपनीचे पैसे, कोणाचे काय जाते?" या वाक्याच्या आडोशाने चालते. जाते ते सावडीतल्या दुसऱ्या शेतकऱ्याचे. तितकाच सद्भाव कंपनीकडूनही अपेक्षित आहे. प्रामाणिक दावा बारीक अक्षरांत अडकविणे हेही खोटेच. असा अन्याय झाल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जावे. त्याचे कार्यालय पुण्यास आहे आणि तेथे तक्रारीला शुल्क पडत नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण अज्ञानानेही घरे बुडतात. कर्ज घेताना बँकेत जो विमा सुचविला जातो, तो पुष्कळदा कर्जदाराच्या जीविताचा असतो. कर्ता मरण पावल्यास त्यातून कर्ज फिटते. घर जळाल्यास त्यातून काहीच मिळत नाही. हे दोन विमे भिन्न आहेत. कोणत्या कागदावर सही करतो आहोत, ते विचारावे. बँक सांगेल त्याच कंपनीचा विमा घेतला पाहिजे असेही बंधन नाही. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाचे एकसारख्या अटींचे विमापत्र सर्वसाधारण विमा कंपन्यांना लागू केले. आग, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड अशी संकटे त्यात येतात. रक्कम ठरवायची ती घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावरून, जमिनीची किंमत धरून नव्हे. कारण भूकंपातही जमीन जागेवरच राहते. घरातील सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांपेक्षा अधिक नाही, इतके संरक्षण त्यात आपोआप मिळते. मात्र एरवीची घरफोडी त्यात येत नाही. अशा एखाद्या संकटामुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीच तेवढी येते. वाळवी, ओल, जुनेपणाची झीज यांची भरपाई नसते. घराच्या विम्याचा हप्ता आयुर्विम्याच्या मानाने अल्पच असतो.

इतके सांगूनही एक गोष्ट उरते, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. ही सावड सर्वांना खुली नाही. गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात; पाचटाच्या त्या कोपीला कोण विमापत्र देणार? गावाच्या कडेला अतिक्रमणात मोडणारे घर, कागद नसलेले वडिलोपार्जित घर, रोजंदारीवर जगणाऱ्या विधवेची एक खोली यांच्यापर्यंत हा करार बहुधा पोहोचत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा पाणी कोणाच्या घरात कागद आहेत हे पाहून शिरले नाही. ज्याने आपल्या घराचा विमा उतरविला त्याने स्वतःपुरते कर्तव्य केले. शेजारधर्मातून तो सुटला नाही. किंबहुना त्याचा शेजारधर्म तेथूनच सुरू होतो.

आपल्या धर्मग्रामाची पेटी लहान आहे आणि आप्तांची ऐपतही मोजकीच आहे. ज्यांना विमा उतरविणे शक्य आहे त्यांचीच घरे सावरण्यात ती संपली, तर कोपीतल्या माणसाच्या वाट्याला केवळ सहानुभूती उरेल. म्हणून ज्याला शक्य आहे त्याने आपला भार रीतसर, प्रामाणिकपणे सावडीत घालावा. त्यामुळे समाजाचे हात ज्याला ते शक्य नाही त्याच्यासाठी मोकळे राहतात. विम्याचा कागद खरेदीखताबरोबर ठेवावा, तो कोठे ठेवला आहे हे पत्नीला व मुलांना सांगावे, आणि दर वर्षी हप्ता भरताना ज्याच्या घराला कागदच नाही अशा एका शेजाऱ्यासाठी काही रक्कम बाजूला काढावी.