वेशीजवळच्या विहिरीचे पाणी

आजचे वाचन : २ शमुवेल २३:१३-१७ आणि त्याच अध्यायाचे ३९ वे वचन



दावीद अदुल्लामाच्या गुहेत आहे. पलिष्ट्यांची फौज रेफाईमच्या खोऱ्यात उतरली आहे आणि बेथलेहेमात, म्हणजे दावीदाच्या स्वतःच्या गावात, त्यांचे ठाणे बसले आहे. सुगीचे दिवस. घसा कोरडा पडलेला. दावीदाच्या तोंडून सहज निघून जाते की, वेशीजवळच्या त्या विहिरीचे पाणी कोणी आणून दिले तर किती बरे होईल! ही आज्ञा नव्हती हं. घरची आठवण आली की आपण सगळेच असे बोलतो. पण तीन शूर वीर ते ऐकतात. पलिष्ट्यांच्या छावणीतून वाट फोडतात, पाणी शेंदतात, गुहेपर्यंत आणतात. आणि दावीद ते पीत नाही. परमेश्वरापुढे ओतून टाकतो.

संडे स्कूलमधली मुले इथे हमखास विचारतात, "मग त्यांनी आणलं कशाला?" प्रश्न रास्त आहे. जीव धोक्यात घालून आणलेले पाणी जमिनीवर ओतायचे, हा त्या तिघांचा अपमान नाही का?

याचे उत्तर शोधायचे तर ठाण्यावर पाण्याची किंमत काय असते ते आधी बघावे लागेल. त्यासाठी मी तुम्हाला सियाचिनकडे नेतो.

१३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झाले, तेव्हापासून आपले जवान त्या बर्फावर आहेत. काही चौक्या २०,००० फुटांच्या आसपास, काही त्याहून वर. चहूकडे बर्फच बर्फ, पण प्यायला थेंब नाही. बर्फ भांड्यात घ्यायचा, रॉकेलच्या स्टोव्हवर वितळवायचा, तेव्हा कुठे घोटभर पाणी मिळते. ते रॉकेल हेलिकॉप्टरने येते, नाहीतर माणसाच्या पाठीवरून. चालताना सगळे एका दोराने बांधलेले, कारण पायाखाली कुठे भेग असेल सांगता येत नाही. उघडा हात लोखंडाला लागला तर कातडी चिकटते. काजळी नाकातोंडात जाते, झोप लागत नाही, जेवण जात नाही. आणि नोव्हेंबर २००३ मध्ये शस्त्रसंधी होईपर्यंत याच्या जोडीला गोळीबार आणि तोफांचा मारा. तरीही तिथे गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि हिमकड्यांनीच जास्त जवान नेले आहेत.

१९८७ ची गोष्ट घ्या. पाकिस्तानी सैनिकांनी सुमारे २१,००० फुटांवर एक चौकी बसवली होती. तिथून आपल्या अमर आणि सोनम या चौक्यांचा रस्ता त्यांच्या नजरेखाली यायचा. म्हणजे रॉकेल, धान्य, औषध, सगळेच बंदुकीच्या टप्प्यात. मे महिन्यात सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे आपली तुकडी घेऊन वर निघाले. ते आणि त्यांचे बरेच साथीदार परत आले नाहीत. जून महिन्यात त्यांच्याच नावाने पुन्हा मोहीम झाली. थंडीने बंदुका अडकत होत्या. अखेर २६ जूनला नायब सुभेदार बाना सिंग चार जवानांसह बर्फाचा जवळजवळ उभा कडा चढून गेले आणि चौकी घेतली. त्यांना परमवीर चक्र मिळाले. आज त्या जागेला बाना पोस्ट म्हणतात. पण विचार करा, एवढे सगळे कशासाठी? खालच्या चौकीवरच्या भावाचा स्टोव्ह पेटता राहावा, यासाठीही.

आणि हे एकाच बाजूचे दुःख नाही. ७ एप्रिल २०१२ ला पलीकडे गयारी येथे हिमकडा कोसळला आणि पाकिस्तानचे सैनिक व नागरिक मिळून १४० जण गाडले गेले. तो पवित्र शनिवार होता. दुसऱ्या दिवशी आपण चर्चमध्ये पुनरुत्थानाची गीते गात होतो. बेथलेहेमच्या ठाण्यावरच्या पलिष्ट्यांनाही आया होत्याच ना?

आता दावीदाकडे परत या. त्याच्या हातातल्या भांड्यात पाणी आहे, पण त्याला त्यात रक्त दिसते. तसे तो बोलूनही दाखवतो. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय १७ व्या अध्यायात, रक्ताविषयी स्पष्ट सांगितले आहे : रक्तात जीव असतो, ते खायचे नाही, जमिनीवर ओतायचे. दावीद नेमके तेच करतो. तो तिघांना जणू सांगतो, "बाबांनो, तुमचा जीव माझ्या तहानेपेक्षा मोठा आहे. तो देवाचा आहे. मी तो पिऊ शकत नाही." यात अपमान कुठे? त्या तिघांचा याहून मोठा मान दुसऱ्या कुठल्या राजाने केला असता?

इथेच थांबलो असतो तर मनन गोड झाले असते. पण अध्याय पुढे चालतो. दावीदाच्या शूर वीरांची यादी येते, आणि यादीत अगदी शेवटचे नाव कोणाचे? उरीया हित्ती.

पाणी आणणाऱ्या तिघांची नावे त्या प्रसंगात दिलेली नाहीत. उरीयाचे नाव मात्र पवित्र आत्म्याने पुसू दिले नाही. हा तोच उरीया, जो रणांगणावरून बोलावल्यावरही घरी जाऊन झोपला नाही, कारण त्याचे सोबती उघड्या मैदानात पडले होते. आणि ज्या दावीदाने तिघांच्या रक्ताचे पाणी ओतून टाकले, त्याच दावीदाने स्वतःचे पाप झाकायला उरीयाला लढाईच्या ऐन तोंडाशी उभे करायला लावले. तेव्हा तो गुहेत नव्हता, राजवाड्यात होता. ठाण्यापासून माणूस दूर गेला की पाण्यातले रक्त दिसेनासे होते.

प्रियांनो, हे वचन मला आज आपल्या बोलण्याबद्दल सांगते. बातम्या लागतात, चहाचा कप हातात असतो आणि कोणीतरी म्हणते, "एकदाचं होऊनच जाऊ दे युद्ध!" बोलायला काय जाते? पण ऐकणारे तीन वीर कुठेतरी असतातच. ते उठतात आणि निघतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरोघरी फौजी आहेत. तिथल्या एखाद्या आईसमोर हेच वाक्य आपण बोलू का? जे तिच्यासमोर बोलवत नाही, ते देवासमोरही बोलू नये.

आणि आपला राजा कसा आहे बघा. वधस्तंभावर त्यालाही तहान लागली. वाट फोडून पाणी आणणारे तिघे तिथे कोणी नव्हते. आंब मात्र मिळाली. त्याने दुसऱ्या कोणाला पुढे पाठवले नाही, तो स्वतःच ऐन तोंडाशी उभा राहिला. यशया ५३ सांगते तसा त्याने आपला प्राण मृत्यूपर्यंत ओतला, उरीयासाठी आणि दावीदासाठीही.

आज पाण्याचा पहिला पेला हातात घ्याल तेव्हा सीमेवरच्या एका जवानाचे नाव घेऊन प्रार्थना करा. नाव ठाऊक नसेल तर ज्याच्या घरचा मुलगा फौजेत आहे अशा शेजाऱ्याला विचारा. विचारणे हीदेखील सेवा आहे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, बर्फावरच्या, वाळवंटातल्या, दोन्ही बाजूंच्या ठाण्यांवरच्या लेकरांना सांभाळ. त्यांच्या जीवाची किंमत आमच्या डोळ्यांपुढे ठेव. आमची जीभ आवर, आमच्या राज्यकर्त्यांना दावीदाचा गुहेतला भीतियुक्त आदर दे, आणि तुझे शांतीचे राज्य येवो. आमेन.