शून्याची किंमत दोन

माझा पुतण्या संगणकावर आगगाडी बांधतो. 'क्वेक' हा 1996 सालचा गोळीबाराचा खेळ. त्यातली भुयारं आणि किल्ले हौशी मंडळी आजही स्वतः रचतात. एक ठोकळा घ्यायचा, त्याला 'फंक ट्रेन' म्हणायचं, की झाली गाडी! रूळ नाहीत, इंजिन नाही, ड्रायव्हर नाही. हवेत नुसते ठिपके मांडायचे. प्रत्येक ठिपक्याला फक्त पुढच्या ठिपक्याचं नाव ठाऊक. शेवटच्याने पहिल्याचं नाव सांगितलं, की गाडी गोल फिरतेय जन्मभर.

"अरे, ही तर आमची कचेरी!" मी म्हटलं. "तिथेही प्रत्येक टेबलाला फक्त पुढचं टेबल ठाऊक. पण मध्ये माणूस आला तर?" गाडी म्हटली की मला आधी अपघात सुचतो. जुनी खोड.

"गाडी अडते, काका, आणि दर अर्ध्या सेकंदाला त्याचा जीव 2 नं कमी करते. सुरुवातीला 100 असतो."

म्हणजे चिलखत नसेल आणि सुटता आलं नाही, तर 25 सेकंदांत ग्रंथ आटोपला!

"हे 2 कोणी लिहिले?"

"कोणीच नाही. मी रकाना कोरा सोडला. कोरा असला की खेळ आपणहून 2 धरतो."

"मग शून्य लिही की!"

"लिहिलं तरी 2च. त्याच्या लेखी शून्य आणि कोरं एकच."

मी हसणार होतो, पण राहिलं. कचेरीत एकदा एका शिपायाच्या बढतीची फाईल माझ्याकडे आली होती. साहेबांची मर्जी नव्हती. मी विरोध केला नाही, शिफारसही केली नाही. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवून फाईल पुढच्या टेबलावर सरकवली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "आपण कोणाच्या अध्यात नाही नि मध्यात नाही." तो शिपाई शिपाई म्हणूनच निवृत्त झाला. त्यातला माझा वाटा मी इतकी वर्षं शून्य धरत आलो. कोऱ्या रकान्यात 2 आपोआप पडतात, हे मला पुतण्याकडून कळायचं होतं.

"मग आता काय करतोस?"

"1 लिहितो. आणि ही भिंत जरा मागे घेतो. माणसाला बाजूला व्हायला जागा नको का?"

पोरगं एवढंसं, पण बोललं बरोबर. शेऱ्याच्या त्या रकान्यातही एका ओळीपुरती जागा होती.