पेशीतले विसर्जन

२०२५च्या माघी गणेशोत्सवातल्या मुंबईच्या ‘चारकोपच्या राजा’चे विसर्जन महिनोन्‌महिने रखडले. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा प्रश्न न्यायालयात होता. निरोप मिळाला तो ऑगस्टमध्ये. मूर्ती शाबूत असूनही अशा वेळी भाविकाला चुटपुट लागते, कारण आपल्या पूजेत प्राणप्रतिष्ठेइतकाच मान उत्तरपूजेला आणि विसर्जनाला आहे. नाश हा सृष्टीतला दोष की तिच्या व्यवस्थेचाच भाग, हा प्रश्न फार जुना. जैन दर्शनाने उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही सत् या एकाच तत्त्वात पाहिली. चारकोपपासून जवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत बौद्ध भिक्षू अनित्यतेचे चिंतन करत राहिले. पुराणांनी संहाराला महेशाचे पद दिले. मूत्रपिंडाच्या कर्करोगाविषयी गेल्या तीन दशकांत जे कळले, त्याचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे असे मला वाटते. मोडणे हेही जगण्याचेच काम आहे, पण ते पारखून झाले पाहिजे, असे उत्तर त्यातून निघते.

या कर्करोगाचे मूळ पेशीच्या एका रोजच्या कामात आहे. पेशी एचआयएफ नावाचे प्रथिन अखंड बनवते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही मिनिटांत मोडूनही टाकते. वरकरणी हा अपव्यय वाटतो, पण त्यात सज्जता आहे. ऑक्सिजन कमी पडला की मोडणे थांबते आणि साठलेले एचआयएफ नव्या रक्तवाहिन्यांची, लाल पेशींची मागणी सुरू करते. मोडण्याची रीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. ऑक्सिजन असला की एक विकर एचआयएफवर छोटीशी रासायनिक खूण करते. व्हीएचएल हे प्रथिन ती खूण ओळखते आणि एचआयएफला युबिक्विटिनची साखळी जोडली जाते. मग ते प्रोटिएझोम या पोकळ यंत्रात ओढले जाऊन त्याचे तुकडे होतात. युबिक्विटिन मात्र सुटे होऊन पुन्हा कामाला येते. या यंत्रणेच्या शोधाला २००४चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि पेशी ऑक्सिजन कसा ओळखते हे उलगडल्याबद्दल २०१९चे वैद्यकशास्त्राचे नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना. व्हीएचएलचे जनुक १९९३ मध्ये सापडले. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार ‘क्लिअर सेल’. त्यातल्या बहुसंख्य गाठींत हे जनुक निकामी झालेले असते. मग ऑक्सिजन भरपूर असूनही एचआयएफ मोडले जात नाही, पेशी गुदमरल्याची हाकाटी करत राहते आणि गाठीभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते. विष कुठून बाहेरून आलेले नसते. रोजचेच, उपयोगी प्रथिन वेळेवर गेले नाही, एवढेच घडलेले असते.

व्हीएचएल गेले म्हणून लगेच कर्करोग होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पुढे आणखी जनुकीय बिघाड साचावे लागतात आणि त्यात वर्षे जातात. पण आरंभ बहुधा तिथेच होतो. अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळालेले बेलझुटिफान हे औषध साठलेल्या एचआयएफपैकी एचआयएफ-२ या प्रकाराला निष्क्रिय करते आणि अनेक रुग्णांच्या गाठी त्याने आक्रसतात, हा त्याचा पुरावा. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: मोडणे इतके मोलाचे, तर मोडण्यानेही कर्करोग का होतो? गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही विषाणू याच यंत्रणेला हाताशी धरून पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडवतो. टाटा स्मारक केंद्राच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक संस्थेत ज्या गँकिरिन या प्रथिनाचा अभ्यास झाला, तेही प्रोटिएझोमशी निगडित असून पी५३चा ऱ्हास वाढवते. उलट मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर बोर्टेझोमिब हे औषध काम करते ते प्रोटिएझोम अडवूनच. तेव्हा संहाराचा सरसकट गौरव करता येत नाही. व्हीएचएलचे सारे मोल त्याच्या ओळखण्यात आहे. खूण दिसली तरच ते एचआयएफला धरते. लयाला पूजणाऱ्यांनी आणि लयाला भिणाऱ्यांनी, दोघांनीही हा तपशील लक्षात घ्यायला हवा.

पेशीत जे घडते त्यावरून माणसाने कसे वागावे हे ठरत नाही, असेही कोणी म्हणेल. मला ते पूर्ण मान्य आहे. म्हणूनच ‘मनात धरून ठेवलं म्हणून गाठ झाली’ किंवा ‘मागच्या जन्मीचे भोग’ ही वाक्ये मला सहन होत नाहीत. व्हीएचएलला हेतू नसतो. त्याची पारख रेणूच्या आकारात बसवलेली असते. व्हॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजारात मूल जनुकाची एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्मते आणि दुसरी पुढे एखाद्या पेशीत बिघडते. बाकीच्या रुग्णांत दोन्ही प्रती आयुष्याच्या ओघात निकामी होतात. धूम्रपान, लठ्ठपणा, उच्च रक्तदाब यांनी धोका वाढतो हे खरे, पण यांतले काहीच नसलेल्यालाही हा आजार गाठतो. कर्मसिद्धान्त मानणाऱ्याने तो स्वतःच्या पुढच्या कृतीसाठी मानावा. दुसऱ्याच्या गाठीचा निवाडा त्यावरून करणे मला अधर्म वाटतो.

चारकोपहून परळच्या टाटा रुग्णालयात कोणाला सोबत घेऊन जात असाल, तर पाप कोणाचे हे विचारू नका. घरात आणखी कोणाला मूत्रपिंडाची, मेंदूची किंवा डोळ्याच्या पडद्याची गाठ होती का ते विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. आनुवंशिक दोष जनुकीय चाचणीत कळतो, आणि मग नातलगांच्या गाठी लहान असतानाच सापडू शकतात. लघवीतून रक्त गेले, तर दुखत नसले तरी तपासणी लांबवू नका.