मुलाखतीतले उत्तर कोणाचे?

उर्दू माध्यमातून शिकलेली आमची मुले आता विद्यापीठांच्या प्रवेश-मुलाखतींपर्यंत पोहोचू लागली आहेत. त्यांची तयारी करून घेताना आम्हा शिक्षकांपुढे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. 'हाच विषय का शिकायचा आहे?' याचे घडीव उत्तर मुलाकडून पाठ करून घेणे हे शिकवणे आहे, की खोटे बोलायला लावणे?

आमच्यातले काही जण म्हणतात, शहरातली मुले क्लासला पैसे मोजून हेच करतात. वालूरच्या मुलानेच भोळे का राहावे? हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. आमचा मुलगा घरी दखनी बोलतो, शाळेत उर्दू वाचतो, बाजारात मराठीत सौदा करतो आणि मुलाखतीत त्याला इंग्रजीला तोंड द्यावे लागते. तो भाषेत अडखळला, तरी विषयातच कच्चा ठरतो.

तराजूत खोट असू शकते, हे न्यायालयानेही पाहिले आहे. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला 100 आणि मुलाखतीला 50 गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरके. 'अजय हासिया विरुद्ध खालिद मुजीब' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली सांगितले की, अशा प्रवेशात मुलाखतीला 15 टक्क्यांहून अधिक गुण देणे मनमानीचे ठरेल. पुढे 2016 साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्रा. अब्दुल नफे यांच्या समितीने तोंडी परीक्षेचे गुण 30 वरून 15 वर आणण्याची शिफारस केली. लेखी आणि तोंडी गुणांतली तफावत भेदभावाकडे बोट दाखवत होती.

मग तराजू खोटा असेल तर मालही खोटा ठेवावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. खोट्या तराजूविरुद्ध तक्रार करता येते, दाद मागता येते. वरच्या दोन्ही उदाहरणांत तेच घडले. उसन्या उत्तराने मात्र तराजू सुधारत नाही. उलट, ते उत्तर यशस्वी झाले तर मुलगा एक धडा कायमचा शिकतो: आपले घर, आपली बोली, आपले गाव सांगण्याजोगे नाही. प्रवेश मिळूनही हे नुकसान भरून येत नाही.

तयारी करूच नये असे आमचे म्हणणे नाही. न घाबरता बसणे, प्रश्न पुरता ऐकणे, माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणणे, आपलाच विचार सोप्या इंग्रजीत मांडणे, हे शिकवलेच पाहिजे. यात लबाडी नाही. विचार मुलाचा असावा, सराव आपण द्यावा, एवढीच आमची सीमारेषा आहे.

'तुमच्या गावात विशेष काय?' असे विचारले की आमची मुले 'काही नाही' म्हणतात. वालूरची चक्राकार बारव गाळाने भरली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली. पाण्याची वाटणी, जुने स्थापत्य, लोकांची एकजूट, एवढे सगळे त्या एका विहिरीत आहे. हे मुलाने स्वतः पाहिलेले असते, पण ते ज्ञान आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगणे आमचे काम आहे. आई-वडिलांनीही मुलाला 'काय बोलायचे' हे सांगण्याआधी 'तुला काय वाटते' एवढे विचारावे. घरात ज्याला कधी मत विचारले गेले नाही, त्याच्याकडून परक्या टेबलापुढे मताची अपेक्षा करणे हाही अन्यायच आहे.