मनधरणी आणि लांगूलचालन

आपल्या शिरूर-दौंड भागात लग्नाच्या मांडवातून कोणी पाहुणा मानपानावरून रुसून निघाला, की दोन वडीलधारी माणसे त्याच्यामागे जातात व हाताला धरून त्याला पंगतीत आणून बसवितात. हिला आपण मनधरणी म्हणतो. निवडणुका आल्या, की दुसरा शब्द कानी पडतो : लांगूलचालन. दोहोंत दुसऱ्याला प्रसन्न करणेच असते. मग एक शब्द मायेचा आणि दुसरा तुच्छतेचा का?

लांगूल म्हणजे शेपूट. भर्तृहरीने ‘नीतिशतका’त घास देणाऱ्यापुढे शेपूट हलवीत लोळण घेणारा कुत्रा रंगविला आहे. त्याचे लक्ष घासावर असते. मनधरणी करणारा मात्र मन धरतो.

माणसांना खूश करीत बसलो तर आपण ख्रिस्ताचे दास नव्हे, असे संत पौल गलतीकरांना लिहितात (१:१०). तेच करिंथकरांना आपण सर्वांना संतोष देण्यास झटतो, असे सांगतात (१ करिंथ १०:३३). ही विसंगती नव्हे. स्वतःचे हित न पाहता पुष्कळांच्या तारणासाठी, असे कारण ते लगेच जोडतात.

पिलाताच्या हाती सत्ता होती. तरी जमावाला खूश करण्यासाठी त्याने निरपराध प्रभूला वधस्तंभाकडे धाडले. उलट, उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पिता रुसलेल्या थोरल्या मुलासाठी मेजवानी सोडून बाहेर येतो, त्याची विनवणी करतो. पण त्याच्या समाधानासाठी धाकट्याला घराबाहेर काढीत नाही.

हे लिहिताना आम्हांला आमचीच एक गोष्ट बोचते. एका सणाला बसण्याच्या जागेवरून एक देणगीदार रागावले. मंदिराच्या छताचे काम अर्धे राहिले होते. आम्ही तीनदा त्यांच्या घरी गेलो. त्याच सुमारास ऊसतोडीला आलेले एक कुटुंब कोणाच्या तरी टोचून बोलण्यामुळे मिस्साला येईनासे झाले. त्यांना आम्ही केवळ निरोप धाडला. सवड काढून त्यांच्या कोपीवर गेलो, तेव्हा हंगाम संपला होता. तीन दगडांच्या चुलीत राख तेवढी उरली होती.

देणगीदारांकडील त्या तीन फेऱ्यांना आम्ही तेव्हा मनधरणी म्हणत होतो. आज तसे म्हणण्यास जीभ रेटत नाही.

वाचकहो, ज्यांच्याकडून आपल्याला काहीच मिळायचे नाही, अशा किती रुसलेल्यांच्या दारी आपण यंदा गेलो?