चाळिशीत एम.ए.

नोकरी-संसारात अडकलेल्या माणसाने पुढे शिकायचं काढलं, की सल्ला ठरलेला असतो : बाहेरून फॉर्म भरा. भंडारा जिल्ह्यात, तुमसरकडे शिक्षक, अंगणवाडी सेविका, राइस मिलचे मुनीम अशीच एम.ए. करतात. गाइड आणायचं, जुन्या प्रश्नपत्रिका जमवायच्या, परीक्षेपुरती रजा टाकायची. पदवी मिळते. पण शंका विचारत, वाद घालत शिकण्यासाठी माणूस या वयात पुस्तक उघडतो आणि नेमकं तेच त्याच्या वाट्याला येत नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने 1989पासून अशा हजारोंना दार उघडून दिलं, त्याचं मोल मोठंच. तरीही चाळिशीतल्या विद्यार्थ्याला वर्ग हवा, आणि वर्गालाही तो हवा.

पुरवठा वाढला की भाव उतरतो, हे बाविशीतला मुलगा फळ्यावरच्या आलेखातून शिकतो. धानाच्या अडतीत वर्षानुवर्षं वह्या लिहिलेल्या माणसाने ते दर हंगामात पाहिलेलं असतं. हलका धान आधी निघतो, भारी मागून. ओलावा जास्त म्हणून भाव पाडला जातो. आधारभूत खरेदी केंद्र उशिरा सुरू झालं, तर उधारी फेडायची घाई असलेला शेतकरी व्यापाऱ्याकडेच पोती उतरवतो. हा मुनीम वर्गात विचारेल, ‘सर, खरेदी कोणत्या तारखेला सुरू होते, हाही भावाचाच भाग नाही का?’ या प्रश्नाने पंचवीस मुलांचा तास जिवंत होईल. आणि आपलं म्हणणं आकड्यांनी कसं मांडायचं, हे त्यालाही तिथेच उमगेल.

खंड पडलेल्या शिक्षणाची आपल्याकडची सर्वांत मोठी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून 1917मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. चार वर्षांत परत येऊन तो पूर्ण करण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळवून ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि 1920मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, हा प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी झाला. 1921मध्ये एम.एस्सी., 1923मध्ये डी.एस्सी. 1954मध्ये याच भंडाऱ्यातून त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, म्हणून ते इथल्यांना अधिकच जवळचे. त्यांच्या जिद्दीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. विद्यापीठाने राखून ठेवलेल्या त्या चार वर्षांबद्दल फारसं बोलत नाही.

2021मध्ये आलेली अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही मुळात तशीच सोय आहे. मिळवलेले क्रेडिट साठवून ठेवायचे आणि पुढे परत येऊन शिक्षण पूर्ण करायचं. मात्र कागदावरच्या या दारापर्यंत पोचायला गाडीच नसेल, तर काय?

तुमसरहून नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या विभागांत रोज जायचं, तर आधी देव्हाडीला तुमसर रोड स्टेशन गाठायचं, मग सुमारे 80 किलोमीटरचा रेल्वेप्रवास, मग शहर ओलांडायचं. कमावत्या माणसाला हे रोज जमणारं नाही. विद्यार्थ्यांच्या पासला वयाची अट आहे. एसटीत बाईला 2023पासून अर्धं तिकीट लागतं, पण ते ती बाई आहे म्हणून, विद्यार्थिनी आहे म्हणून नाही. तिने बसमध्ये नोट्स काढल्या, की शेजारची विचारते, ‘आता कायले शिकता जी?’

म्हणून तालुक्याच्या गावी, जिथे पदव्युत्तर वर्ग आहेत तिथे, एक तुकडी संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी भरवावी. इमारत तेव्हा रिकामीच असते. प्राध्यापकांना त्या तासांचं मानधन द्यावं, ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं ठेवावं. विद्यापीठाने ठरवलं, तर पुढच्या जूनपासून हे होऊ शकतं.

आणि घरच्यांनो, तुमच्याकडे कुणी चाळिशीत प्रवेश घेत असेल, तर परीक्षेच्या महिन्यात स्वयंपाकाची आणि म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची पाळी तुम्ही घ्या.