सूर्य मावळण्यापूर्वी

वडोदऱ्याजवळ नंदेसरी येथे रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. अशा वसाहतींत पुष्कळ कामे ठेकेदारामार्फत होतात. पगार अडला की कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखविते, ठेकेदार कंपनीकडे. आणि मजुराच्या घरी चूल पेटत नाही. असा एखादा बंधू मंडळीत येऊन विचारील, "तक्रार करू, की क्षमा करून गप्प बसू?" तर आपण त्यास काय सांगावे?

"धीर धर, प्रार्थना कर" हे सांगणे सोपे आहे. परंतु तेवढे पुरे नाही, असे आम्हांस वाटते. मजुरी हे दान नव्हे. मजुराने घाम आधीच गाळला. तेव्हाच ते पैसे त्याचे झाले. धन्याच्या हाती ती केवळ ठेव आहे. म्हणून लेवीय १९:१३ मध्ये मजुरी रात्रभर ठेवून घेण्याची मनाई लुबाडणुकीच्या मनाईबरोबर एकाच वचनात येते. अनुवाद २४:१५ सूर्यास्ताची मुदत घालते, कारण गरिबाचा जीव त्या पैशात गुंतलेला असतो. संडे स्कूलमध्ये द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय २०) शिकविताना आपण धन्याच्या औदार्यावर बोलतो. पण संध्याकाळ होताच त्याने मजुरी चुकती करविली, हेही मुलांना अवश्य दाखवावे.

आपल्या मराठी कामगारांनी हेच मागितले होते. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने पाच हजारांहून अधिक गिरणी कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. रविवारी सुटी असावी आणि पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, या मागण्या त्यात शेजारी शेजारी होत्या. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. लोखंडे सत्यशोधक होते. विसाव्याचा दिवस आपण मानतो. त्याच अर्जातील दुसरी मागणी आपण विसरू नये.

१९३६ साली वेळेवर पगारासाठी कायदा झाला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू आहे. तिच्याप्रमाणे मासिक पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाअखेर द्यावयाचा. काम सुटल्यास दोन कामाच्या दिवसांत. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पगार दिल्याचे सिद्ध करणे मालकाकडे आहे. ठेकेदाराने पैसे बुडविले तरी कंपनी हात झटकू शकत नाही.

मग क्षमेचे काय? ज्याचे नुकसान झाले त्यानेच क्षमा करावयाची असते. पोट भरलेल्यांनी त्याच्या वतीने उदार होऊ नये. शिवाय त्या पैशात लेकरांचा घासही आहे. मनात द्वेष न ठेवता हक्क मागता येतो. असे मागणे धन्याच्याही हिताचे आहे, कारण अडविलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असे याकोब ५:४ बजावते. तक्रारअर्ज लिहून देणे, कचेरीत सोबत जाणे, हीसुद्धा मंडळीची सेवाच आहे.

आणि आपल्या घरात काय? मंदिराचा राखणदार, बालवाडीची बाई, आपली मोलकरीण यांना "वर्गणी जमली नाही", "सुटे नाहीत" असे सांगून आपण किती वेळा परत पाठविले? येत्या रविवारी उपासनेस बसण्यापूर्वी एवढे विचारू या : त्यांचा पगार झाला काय?